वायरीला बांधलेली गाडी

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं त्याच आठवड्यात आमच्या जुन्या गाडीने मान टाकली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण घरात दोन्हींबद्दल एकाच सुरात बोललं जाऊ लागलं. "आता बदलल्याशिवाय गत्यंतर नाही," असं बायको फोनवर कुणाला म्हणाली, की ती आईच्या गुडघ्याबद्दल बोलतेय की माझ्या गाडीबद्दल, हे कळायला पुढचं वाक्य ऐकावं लागायचं.

गुडघ्याचा निर्णय डॉक्टरांनी एका भेटीत घेतला. गाडीचा मी घेणार होतो, त्यामुळे वेळ लागणार होता.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. गालिच्यावर गरम इस्त्री ठेवून फोन घ्यायला गेलेली माणसं, नळ उघडा ठेवून गावाला गेलेली माणसं, यांची कैफियत ऐकायची आणि शेवटी 'अर्जदाराचा निष्काळजीपणा' असा शेरा मारायचा, यात माझी उमेदीची वर्षं गेली. अशा माणसाने स्वतःच्या बाबतीत घाई केलेली शोभली नसती. शिवाय गाडी साधी घ्यायची नव्हती. ऑपरेशननंतर सासूबाई आमच्याकडे राहायला येणार होत्या, त्यांना एक दिवसाआड व्यायामासाठी न्यायचं होतं, बायकोची शाळा होती, माझं ऑफिस होतं. रोज पळणारी गाडी हवी होती, म्हणजे पेट्रोल कमी पिणारी हवी होती, आणि अशा गाड्या दोन जातीच्या असतात, हे मला अभ्यासाअंती कळलं.

पहिली हायब्रिड. हिच्यात पेट्रोलचं इंजिनही असतं आणि बॅटरीही. बॅटरी गाडी चालता चालता, ब्रेक मारता मारता आपली आपण भरते. आपल्याला काही करावं लागत नाही. दुसरी प्लग-इन. हिच्यातही दोन्ही असतं, पण बॅटरी मोठी असते आणि ती मोबाइलसारखी भिंतीला लावून भरावी लागते. भरली की रोजची ये-जा पेट्रोलच्या थेंबाशिवाय होते. एवढं कळायला मला पंधरवडा लागला, आणि तेवढ्यात घरातल्या सगळ्यांना माझा कंटाळा आला.

मेहुण्याकडे हायब्रिड होती. मेहुणा दुसऱ्या शहरात असतो आणि जी वस्तू घेतो तिचा प्रचारक होतो. मागे त्याने पाण्याचा फिल्टर घेतला तेव्हा आम्ही आजवर काय काय पीत आलो हे ऐकून बायको दोन दिवस जेवली नव्हती. त्याचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "भावोजी, वायर आली की व्याप आला." हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकवलं, की केवळ त्यापायी माझं मन प्लग-इनकडे झुकलं. मेहुण्याने सुचवलेली गाडी घेऊन उरलेलं आयुष्य त्याचे आभार मानण्यात घालवायची माझी तयारी नव्हती.

शोरूममधल्या विक्रेत्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, तुमचं रोजचं रनिंग किती?" इतक्या आदराने मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, पुष्कळ. बायकोने सांगितलं की घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर, मध्ये कधीमधी किराणा. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते, तिला अंदाजपंचे चालत नाही. मला वाटलं विक्रेत्याचा चेहरा पडेल, पण तो उलट खुलला. म्हणाला, प्लग-इन तुमच्यासारख्यांसाठीच बनवलेली आहे. 'तुमच्यासारखे' म्हणजे कोण हे मी विचारलं नाही.

आता प्रश्न एवढाच उरला, की ती लावायची कुठल्या भिंतीला.

आमच्या इमारतीत पार्किंगला भिंत आहे, भिंतीवर दिवा आहे, दिव्याखाली पाल आहे, पण चार्जिंगची सोय नाही. मी सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेलो. हे गृहस्थ एकदा जे अध्यक्ष झाले ते झाले. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीखेरीज कुठे वापरात नाही, घरातली माणसंसुद्धा त्यांना अध्यक्षच म्हणतात. ते म्हणाले, वीज कंपनीचं पत्र आणा, मग समिती विचार करेल. वीज कंपनीच्या कार्यालयात खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले, सोसायटीचं पत्र आणा, मग आम्ही विचार करू. मी दोन्हीकडे नम्रपणे सुचवून पाहिलं, की कुणीतरी एकाने आधी विचार करावा. दोघांनाही ते उद्धटपणाचं वाटलं. पुढे पुढे तर मी खिडकीत दिसलो की ते गृहस्थ चष्मा काढून पुसायला घेत. पुसून होईपर्यंत त्यांना मी दिसत नसे.

या सगळ्याची बातमी पहिल्या मजल्यावरच्या इंजिनिअरकाकांपर्यंत पोचली. काका वीज खात्यातून निवृत्त झाले होते, पण वीज त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. जिन्यातला दिवा लुकलुकला तरी ते टेस्टर घेऊन बाहेर येत. त्यांनी मला घरात बसवून चहा दिला आणि सांगितलं, की पत्राबित्राच्या नादी लागू नका, आधी गाडी आणून दाखवा. लोकांना वस्तू दिसली की विरोध मावळतो. त्यांच्या बोलण्यात इतका आत्मविश्वास होता, की मी चहा संपायच्या आत विक्रेत्याला फोन केला, आणि शनिवार-रविवारसाठी एक प्लग-इन गाडी चालवून बघायला मिळवली.

शुक्रवारी संध्याकाळी मी हॉस्पिटलात सासूबाईंना भेटायला गेलो. त्यांना रविवारी घरी सोडणार होते. सासूबाई कोर्टात स्टेनोग्राफर होत्या. समोरच्याने उच्चारलेला शब्द त्यांच्या डोक्यात उमटतो आणि तिथेच राहतो. त्यामुळे एरवी मी त्यांच्याशी बोलताना फार जपून बोलतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी मी जरा हवेत होतो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, वेदनेने डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी सांगितलं की झोपच लागत नाही, गोळी दिली तरी लागत नाही. त्यांना धीर द्यावा म्हणून मी नको तेवढं बोलून गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

शनिवारी गाडी आली. विक्रेत्याने मला तिच्यात बसवून बटणं दाखवली, किल्ली दाखवली, बरंच काही समजावून सांगितलं. मी मान डोलावत होतो. मान डोलावण्यात माणूस गुंतला की कानांकडे लक्ष राहत नाही, हे मला नंतर कळलं. गाडी चालू झालेली कळेचना. मी बटण दाबलं, काही ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा दाबलं, म्हणजे बंद केली, असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी विक्रेता म्हणाला, "सर, ती चालू आहे. तुम्ही फक्त निघा."

घरी आणल्यावर काकांनी सूत्रं हाती घेतली. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरातून जाडजूड एक्स्टेन्शन वायर खिडकीबाहेर सोडायची, ती काकांच्या गॅलरीच्या कठड्याला बांधायची आणि तिथून खाली पार्किंगमध्ये उतरवायची, अशी योजना होती. खाली तळमजल्यावरच्या बाईंच्या कुंड्या आहेत. बाईंनी वायरीला हरकत घेतली नाही, पण गुलाबाला तिचा स्पर्श होता कामा नये अशी अट घातली. त्यामुळे वायर गुलाबाला वळसा घालून, कोरफडीच्या मागून, तुटक्या सायकलच्या हॅण्डलवरून गाडीपर्यंत आली. काकांनी प्लग लावला. गाडीच्या कडेला हिरवा दिवा लागला. जमलेल्या मंडळींनी समाधानाने माना हलवल्या, आणि आमच्या घरातले सगळे दिवे गेले.

काकांनी वर येऊन फ्यूज बघितला आणि हुकूम काढला, की गाडी चार्ज होतेय तोवर घरात दुसरं काहीही चालू राहणार नाही. फ्रिज बंद झाला, पंखे बंद झाले. रात्रीचं जेवण म्हणून आम्ही ब्रेडला लोणी लावून खाल्लं, कारण ते आता वितळणारच होतं. बायकोने मोबाइलच्या उजेडात घामाघूम होत नववीचे पेपर तपासले. त्या वर्गाला त्या खेपेला मार्क जरा कमी पडले असावेत असा माझा अंदाज आहे.

रविवारी सकाळी गाडी तुडुंब भरलेली होती. हॉस्पिटलचे सोपस्कार उरकायला बायको आधी पुढे गेली. मी गाडी घेऊन मागोमाग यायचं असं ठरलं. मी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, किल्ली खिशात टाकली आणि खाली आलो. ही गाडी खिशातली किल्ली ओळखते. कडीला नुसता हात लावला की चालकाचं दार उघडतं. ते उघडलं. आत सीटवर बॅग ठेवली, बाहेर येऊन प्लग उपसायला गेलो, आणि तो निघेना.

मी जोर लावला. प्लग हललासुद्धा नाही. मी गाडीत बसून ती चालू करून पाहिली, तर आतून एका बाईंचा शांत आवाज आला, की चार्जिंग केबल जोडलेली आहे, गाडी हलवता येणार नाही. मी वर जाऊन स्वयंपाकघरातलं बटण बंद करून आलो. बाईंनी तेच सांगितलं. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला.

विक्रेत्याचा फोन रविवार असल्याने बंद होता. कंपनीच्या मदतक्रमांकावर संगीत लागलं, आणि मधूनमधून माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे सांगितलं जात होतं. तेवढ्यात काका आले. काकांना बघून तळमजल्याच्या बाई आल्या. बाईंना बघून अध्यक्ष आले, आणि अध्यक्ष आले म्हटल्यावर सभा भरल्यासारखी सगळी इमारत खाली उतरली.

प्रत्येकाने एकेकदा ओढून पाहिलं. जो येई तो आधी मला बाजूला सारी, मग बाह्या वर करी, ओढी, आणि मग मागे होऊन मीच काहीतरी चुकीचं केलं असणार असं मत देई. काकांच्या मते उन्हामुळे धातू फुगला होता, म्हणून गार पाणी ओतावं. वीज आणि पाणी यांचा मेळ घालू नये, असं अध्यक्ष म्हणाले. काकांना वीज शिकवली गेली म्हटल्यावर काका तडक कुंपणाच्या भिंतीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. बाईंनी बोटातली अंगठी अडकली की त्या साबण लावतात असं सांगितलं आणि घरातून भांड्याचा साबण आणला. तो मी लावला. आता प्लग तर अडकलेला होताच, शिवाय हातातूनही सटकू लागला. अध्यक्षांनी वायर कापावी असा ठराव मांडला. मी म्हणालो, गाडी माझी नाही. ते म्हणाले, वायर तर तुमची आहे ना.

मध्ये दोनदा बायकोचा फोन आला. पहिल्यांदा मी निघतोच आहे असं सांगितलं. दुसऱ्यांदा खरं सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं की गाडीला दावं बांधल्यासारखं झालंय का. मी म्हणालो, साधारण तसंच. तिने फोन ठेवला.

मी गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंत साबणाचा फेस माखलेल्या हातांनी प्लगशी झटत होतो. मागून कुणीतरी माझी कंबर धरून ओढत होतं. ते अध्यक्ष होते. अशा अवस्थेत फाटकाशी टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. आधी बायको उतरली. मग तिच्या खांद्याला धरून, काठी टेकत, सासूबाई उतरल्या. गर्दी बाजूला झाली. अध्यक्षांनी माझी कंबर सोडली. सासूबाई एकेक पाऊल मोजून टाकत माझ्यापर्यंत आल्या आणि गाडीकडे, वायरीकडे, कोरफडीकडे आणि शेवटी माझ्याकडे त्यांनी पाहिलं.

"शुक्रवारी तुम्ही म्हणालात," त्या म्हणाल्या, "'आई, रविवारी नवी कोरी गाडी दारात उभी असेल, कुणी काहीही म्हणो.' दारात उभी आहे, हे खरं आहे."

मी उठायचा प्रयत्न केला. साबणाने घसरलो. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. इतक्या वर्षांत या बाईंसाठी एक गोष्ट मी आपणहून करायला निघालो होतो, आणि त्या भाड्याच्या गाडीने येऊन माझ्यासमोर काठीवर भार देऊन उभ्या होत्या. मी 'अर्जदाराचा निष्काळजीपणा' हे शब्द इतक्यांच्या कपाळी मारले, पण ते स्वतःला लागतात तेव्हा कुठे टोचतात हे मला ठाऊक नव्हतं.

"मला जरा टेकू द्या," सासूबाई म्हणाल्या. "जिना चढायचाय."

बायकोने गाडीचं मागचं दार उघडायला हात घातला. ते बंद होतं. उघडलं होतं ते फक्त चालकाचं. मी घाईघाईने खिशातून किल्ली काढली आणि तिच्यावरचं सगळी दारं उघडायचं बटण दाबलं. चारी दारांनी एकदम खट् केलं. त्याच वेळी गाडीच्या कडेलाही खट् झालं, आणि प्लग आपणहून सुटून माझ्या पायाशी पडला.

मग सगळा उलगडा झाला. चार्जिंग चालू असताना वायर कुणी पळवू नये, म्हणून गाडी कुलूपबंद असेतो प्लगही आत अडकून राहतो, आणि सगळी दारं उघडल्याशिवाय सुटत नाही. विक्रेत्याने मला हे सांगितलं होतं. तेव्हा मी मान डोलावत होतो.

सासूबाई मागच्या सीटवर बसल्या. बसताना त्यांच्या चेहऱ्यावर कळ उमटली नाही, हे मी पाहिलं. त्या म्हणाल्या, आलेच आहे तर एक फेरी मारून आणा. मी हात पुसून स्टिअरिंगमागे बसलो, बायको त्यांच्या शेजारी बसली, आणि आम्ही फाटकाबाहेर पडून इमारतीला वळसा घालायला निघालो.

"चालू आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

मी हो म्हणालो, आणि आवाज नसणं हाच तिचा मोठेपणा आहे, असंही सांगितलं.

"मला थोडा आवाज लागतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे कळतं, की कुणीतरी चालवतंय."

घरी आल्यावर त्यांना अंथरुणावर नीट टेकवून बायको स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं. तिने सांगितलं की येताना टॅक्सीत आई झोपली. ऑपरेशनपासून डोळ्याला डोळा नव्हता, आणि मागच्या सीटवर बसल्यावर पहिल्या वळणालाच ती झोपून गेली, घरापर्यंत. बायकोने ड्रायव्हरला विचारून घेतलं होतं. ती हायब्रिड होती. जरा वेळ बॅटरीवर चालायची, मग इंजिन हलकेच घुरघुरायचं, मग पुन्हा शांत. "अंगाई म्हटल्यासारखं," बायको म्हणाली. मी चहाचं आधण ठेवलं. मला मेहुण्याचा चेहरा दिसू लागला होता.

"हायब्रिड घेऊ," मी म्हणालो. बायकोने नुसतं दुधाचं भांडं पुढे सरकवलं.

पण गोष्ट एवढ्यावर आटोपेल तर ती आमची सोसायटी कसली. प्लग सुटला त्या क्षणी खाली जमलेल्या मंडळींना जो आनंद झाला होता तो अजून ओसरलेला नव्हता. ज्या वस्तूशी आपण सकाळभर झटलो ती आपलीच, असं प्रत्येकाला वाटत होतं. आम्ही वर चहा पीत होतो तेव्हा खाली अध्यक्षांनी तिथल्या तिथे सभा घेऊन चार्जिंग पॉइंटचा ठराव एकमताने मंजूर करून टाकला. काकांचा रुसवा निघावा म्हणून काम त्यांच्या देखरेखीखाली सोपवलं. काकांनी सोमवारी जुन्या खात्यात जाऊन खिडकीमागच्या गृहस्थांचा चष्मा पुसून होईपर्यंत समोर उभं राहून पत्र मिळवलं. मी ऑफिसातून परत आलो तोवर भिंतीवर खडूने खुणा झाल्या होत्या. पॉइंट माझ्या पार्किंगच्या जागेत, दिव्याखाली बसणार होता. फक्त पाल हलवावी लागली.

त्यांना खरं सांगायचं धैर्य गोळा करण्यात माझा आठवडा गेला. एका संध्याकाळी मी अध्यक्षांच्या दारावरची बेल वाजवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की आम्ही बिनवायरीची गाडी घेतोय. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. मी कडक शब्द ऐकायची तयारी केली.

"म्हणजे पॉइंट मोकळा राहणार?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, आणि मागे वळून घरात कुणी ऐकत नाही ना, हे पाहिलं.

अध्यक्षांची प्लग-इन आमच्या हायब्रिडच्या आधी आली. जागांची अदलाबदल समितीने मंजूर केली. आता ते संध्याकाळी आपल्या गाडीपाशी खुर्ची टाकून हिरव्या दिव्याकडे पाहत बसतात.

आणि मी एक दिवसाआड सासूबाईंना व्यायामाला नेतो. जाताना त्या ताठ बसतात, येताना पहिल्या वळणाला त्यांची मान कलते. अडचण एवढीच, की फाटकाशी आल्यावर मी गाडी थांबवली तर डुलणं आणि घुरघुर दोन्ही थांबतं, आणि त्या जाग्या होतात. म्हणून मी आत न वळता सरळ पुढे जातो आणि इमारतीला एक वळसा घालतो, कधी दोन. अध्यक्ष खुर्चीतून ओरडून विचारतात, जागा सापडत नाहीये का. मी हात हलवतो.

परवा तिसऱ्या वळशाला मागून आवाज आला. मी आरशात पाहिलं, तर सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते.

"अजून एक फेरी मारलीत तरी चालेल," त्या म्हणाल्या.